शेंगांची पिशवी

आमच्या विद्यापीठाच्या कलादालनाला पन्नास वर्षं झाली आणि त्याचा ताप माझ्या डोक्यावर आला. आमचे विभागप्रमुख धनंजय सर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाले नाहीत, आणि सांगितलं, "गुंजन, मागच्या खोलीतलं सगळं रेकॉर्ड बाहेर काढा. पहिल्या दिवसापासूनचा इतिहास पाहिजे. मोठे मोठे पाहुणे येणार आहेत." मी कंत्राटावरची. कंत्राटी माणसाला इतिहास काढ म्हटलं तर इतिहास काढायचा आणि खड्डा खण म्हटलं तर खड्डा खणायचा. दोन्हींत माती नाकातोंडातच जाते.

मागच्या खोलीत लोखंडी पेट्या होत्या, वाळवीनं खाल्लेल्या चौकटी होत्या, आणि कुणीतरी कधीतरी ठेवून विसरलेला एक कूलरही होता. ताराचंद आमचा शिपाई. त्यानं कुलूप उघडून दिलं आणि नाकाला रुमाल लावून दारातच थांबला.

"मॅडम, साप-गिप निघाला तं मले आवाज देजा," तो म्हणाला, आणि जिथवर माझा आवाज पोचणार नाही अशा जागी जाऊन बसला.

त्याच आठवड्यात महादेवराव आले. ते दरवर्षी माघात येतात. पुलगावचे. सारी नोकरी तिथल्या मिलमध्ये गेली, आता ऐंशीच्या घरात आहेत. ऑफिसात त्यांना कुणी नावानं ओळखत नाही, 'चित्रवाले बाबा' म्हणतात. गेल्या वर्षी मी नवी होते, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ते आले की आधी कलादालनात शिरतात, भिंतीवरचा एखादा रिकामा खिळा पाहून त्याला आपली पिशवी अडकवतात आणि सगळ्या भिंती पाहून होईपर्यंत ती तिथंच राहते. मग ती पिशवी टेबलावरच्या पेपरवर उपडी करतात. तिच्यात भाजलेल्या शेंगा असतात. त्यांच्या मुलीला शेंगा आवडायच्या, म्हणून तिच्या कॉलेजातल्या लोकांना खाऊ घालायच्या. सगळे टरफलं उडवत शेंगा खातात, बाबांना चहा पाजतात आणि कुणीतरी सांगतं, "बाबा, तुमच्या पोरीचं चित्र स्टोअरमध्ये आहे. स्टोअरला सील आहे. पुढच्या वर्षी नक्की." बाबा बरं म्हणतात आणि रिकामी पिशवी घडी करून घेऊन जातात.

या वर्षी ते भिंतीला हात लावत लावत आत आले. खिळा शोधायला त्यांना वेळ लागला. मग एकेका चित्रापाशी नाक टेकेल इतकं जवळ जाऊन पाहू लागले. मी खुर्ची दिली तर म्हणाले, "काचबिंदू झाला, मॅडम. उजवा डोया गेला. डावा जाऊन राह्यला. डॉक्टर म्हणते, आता जेवढं हाय तेवढंच. दिसून राह्यलं तोवर माह्या पोरीचं चित्र दाखवून द्या."

"काय होतं त्या चित्रात, बाबाजी?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नसावं, कारण ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"मले काय माहीत? मी पाह्यलंच नाई."

मग त्यांनी सांगितलं. मुलीचं नाव पंचफुला, घरी पंची. तीसेक वर्षांपूर्वी ती इथं चित्रकला शिकत होती, होस्टेलला राहायची. माघातल्या प्रदर्शनात तिचं चित्र लागणार होतं. आदल्या रविवारी ती घरी येऊन बजावून गेली होती. "बाबा, त्यात तुमी हा," ती म्हणाली होती. "कसे हा ते नाई सांगत. येऊन पाह्यजा."

"मग गेला नाहीत?"

"त्या दिवशी रात्रपाळी करून आलो. म्हटलं घडीभर पडतो न गाडी पकडतो. डोया लागला तं दिवस बुडाल्यावरच उघडला." बाबांनी शेंगेचं टरफल बोटांत चुरडलं. "तिची माय घरी नोती, भावाकडे गेलती. उठवाले कोणीच नाई. म्हटलं जाऊ दे, प्रदर्शन आठ दिवस हाय, पुढच्या सुट्टीले जाऊ. मंग निरोपच आला. ताप डोक्यात गेला म्हणे. चार दिवसांत पोरगी गेली, मॅडम. मी आलो तं तिच्या कपड्यांचं गाठोडं हातात देल्लं यायनं. चित्राचं तवा कोणाले सुचते?"

ते गेल्यावर मी ताराचंदला गाठलं. "स्टोअर कुठे आहे?"

"कोणतं स्टोअर?"

"ज्याला सील आहे ते."

"स्टोअर तं नाईच आहे, मॅडम."

"मग दरवर्षी त्यांना सांगता काय?"

"माह्या आधीच्या शिपायानं मले सांगतलं होतं का थे बाबा आले का असं सांगजो म्हणून." ताराचंदनं हे इतक्या निरागसपणे सांगितलं की मला त्याच्यावर ओरडताही येईना. मी धावत फाटकापर्यंत गेले. बाबा रिक्षाची वाट पाहत उभे होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "बाबाजी, मी शोधते. तुमचा डोळा आहे तोवर चित्र तुमच्यापुढे आणून ठेवते." असं बोलण्याआधी माणसानं दहादा विचार करावा. माझं उलटं आहे, मला राग आला की तोंडातून वचनं निघतात.

मग मी पेट्यांवर तुटून पडले. सरांना हवा असलेला रंगीत इतिहास एकीकडे राहिला आणि मी फक्त पंचफुलाला शोधू लागले. पण पहिल्या वीस वर्षांतलं एकही चित्र सापडेना. चित्रांच्या यादीतली नावं होती, प्रदर्शनांच्या पत्रिका होत्या, चित्रांचा पत्ता नव्हता. शेवटी एका पेटीत फोटोंचे गठ्ठे निघाले.

फोटो धाम नदीच्या काठचे होते. गुडघाभर पाण्यात मुलंमुली ओळीनं उभी आणि प्रत्येकाच्या हातात कापड. काही हसतायत, एक मुलगी डोळे पुसतेय. काठावर दोरीला पांढरी कापडं वाळत घातलेली. मागे धोतर नेसलेले एक वयस्क गृहस्थ हात पाठीशी बांधून उभे. ते गुरुजी, ज्यांनी कलादालन सुरू केलं.

एका जुन्या पत्रिकेवर गुरुजींचं म्हणणं छापलेलं होतं. चित्र काढणं आपलं काम, चित्राचा साठा करणं आपलं नाही. त्यांचा नियम असा की चित्र खादीच्या जाड कापडावर काढायचं, चिंचोक्याची खळ लावून. रंग म्हणजे गेरू, काजळी, हळद, नीळ, पांढरी माती, सगळं डिंकात कालवलेलं. प्रदर्शन झालं की लोकांनी पाहिलं ते पाहिलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी धुळवडीला सगळ्यांनी नदीवर जायचं आणि आपापलं चित्र आपल्या हातानं धुवायचं. तेच कापड पुढच्या वर्षी नव्या चित्राला. म्हणून त्यांनी चित्रांवर कधी नोंदणीचे आकडे घातले नाहीत. ज्यानं त्यानं कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आपली खूण टाचायची, परटासारखी. गुरुजी गेले, पुढचे प्रमुख तयार कॅनव्हास आणि तैलरंग घेऊन आले, आणि आधी काय होतं ते दहा वर्षांत सगळे विसरले.

मी हे धनंजय सरांना सांगितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. "धुऊन टाकली? वीस वर्षांची चित्रं? अहो, पाहुण्यांना काय धुणं दाखवू?" त्यांनी कपाळाला हात लावला आणि नंतर म्हणाले, "उपलब्ध नाही, असं लिहा."

उपलब्ध नाही. महादेवरावांना जाऊन मी हेच सांगायचं होतं. त्या दिवशी घरी जाताना सायकलस्टँडवर मला रडू आलं आणि गाडीची चावी सापडेना, तेव्हा आणखी रडू आलं.

दुसऱ्या दिवशी फक्त हट्ट म्हणून पेटीचा तळ उपसला. तिथं एक घडी केलेलं कापड होतं. त्यावर वर्षावर्षाच्या मुलांनी आपापल्या खुणा टाचून ठेवल्या होत्या आणि शेजारी नावं. कुणाचा मासा, कुणाची चंद्रकोर. एका कोपऱ्यात पाच फुलं होती, चार बाजूंना चार आणि मध्ये एक, बाजरीच्या दाण्याएवढी. शेजारी पंचफुला. मी त्यावरून बोट फिरवलं. टाके इतके बारीक होते की ही मुलगी चित्रापेक्षा शिवणात रमत असेल असं वाटलं.

त्या वर्षीचे नदीवरचे फोटो मी भिंग घेऊन पाहिले. ओळीतल्या सगळ्यांच्या हातात कापड होतं. एकीचे हात मात्र रिकामे. तीच मुलगी दुसऱ्या एका फोटोत पंचफुलाच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. फोटोमागे नावं-गावं होती. ती तळेगावची गुलाब.

तळेगावात गुलाब नावाच्या चित्रकलेच्या बाई शोधायला फार वेळ लागला नाही. गुलाबताई शाळेतून नुकत्याच आलेल्या, घराच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी फोटो पुढे धरला तशी सुपातली तूर त्यांच्या हातून ओट्यावर सांडली.

"पंची," त्या म्हणाल्या.

"ताई, तिचं चित्र नदीत धुतलं का?"

"तिचं चित्र? नाई. थे मी धुवू देल्लंच नाई." त्यांच्या आवाजात तीस वर्षांपूर्वीची मुलगी जागी झाली. "नियम होता का ज्याचं चित्र त्यानं धुवावं. तिचं कोण धुवन? गुरुजी मले म्हणाले, तू तिची मैत्रीण, तू धुव. गुरुजींच्या तोंडावर नाई म्हणाची ताकत नोती. पण तिचे बाबा सामान नेयाले आले ना, तवा मी भिंतीवरून थे कापड काढलं, रंग आतमध्ये घेऊन घडी केली, तिचे कपडे त्यात बांधले न गाठोडं त्यायच्या हातात देल्लं. गुरुजी बाजूलेच उभे. बोलता येईना. एवढंच म्हटलं, बाबा, हे जपून नेजा. माह्यं आधीच धुऊन टाकलं न धुळवडीले नदीत रिकाम्या हातानं उभी राह्यली."

मला उडी मारावीशी वाटली. "म्हणजे ते त्यांच्याच घरी आहे!"

"घरीच असन ना. मी तं समजत होती का त्यायनं भिंतीवर लावलं असन. पुढं गावातच नोकरी लागली, लगनबी इथंच झालं. त्यायच्या दारात जायाची हिंमत नाई झाली, बाई. मले पाहून त्यायले पंची आठवन म्हून."

"काय काढलं होतं तिनं?"

गुलाबताईंनी डोळे मिटले. "तिचे बाबा रात्रपाळी करून येत ना. भरदुपारी खाटेवर झोपलेले, उजेड येऊ नये म्हून तोंडावर पांढरा दुपट्टा. बस, एवढंच. पण त्या खोलीतली सारी शांती तिनं काढली होती. उंबऱ्यावर चपला काढलेल्या. मी रोज त्या चित्रापुढं उभी राहो न मले वाटे, आपणबी हळू बोलावं."

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून एकटीच हसत होते. चित्र तीस वर्षं त्यांच्याच घरात, आणि बिचारे बाबा दरवर्षी आमच्या दारात! एखादी ट्रंक, एखादा माळा, की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुलगावला गेले. पेढे घेऊन गेले होते. त्या पेढ्यांची मला अजून लाज वाटते.

घरी बाबांच्या पत्नी रुख्माबाई एकट्याच होत्या. बाबा डोळ्यांत घालायचं औषध आणायला गेले होते. घर दोन खोल्यांचं, लख्ख सारवलेलं. दारामागच्या खिळ्याला ती शेंगांची पिशवी. पंचफुलाचा एकही फोटो भिंतीवर नव्हता. मी आजींच्या पाया पडले, पेढ्यांचा पुडा हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नदी, गुलाब, गाठोडं, कापड.

आजींनी पुडा खाली ठेवला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला आत, चुलीपाशी नेलं.

"यायले सांगतलं का तू?"

"नाही अजून."

"सांगू नको, माय. तुह्या पाया पडतो."

त्या खाली बसल्या, म्हणून मीही बसले. त्या चुलीकडे पाहत बोलत होत्या.

"गाठोडं कोणी सोडलंच नोतं. कोपऱ्यात पडून होतं. दहाव्याले घरातलं सारं धुणं काढा लागते, सुतक फिटाले. मी थे गाठोडं घेऊन धुण्याच्या दगडावर बसली. गाठ सोडली. तिचे कपडे काढले. न त्या कापडावर पाह्यतो तं काय, हे निजलेले. अंगभर पांढरं, तोंडावर पांढरं." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "घरातून एक मयत जाऊन दहा दिवस नोते झाले. मले वाटलं, हे काय काढून ठेवलं पोरीनं? आपण गेली न बापालेबी मागून बोलावून राह्यली का? माह्यं डोस्कंच फिरलं, माय. मी बादली घेतली न घासलं. घासलं, घासलं. लाल पानी, पिवयं पानी. हे जाऊ नये म्हून घासलं."

शिपायावर, सरांवर, साऱ्या दुनियेवर चिडणारी मी, मला त्या बाईवर राग धरता येईना.

"मंग तेराव्यानंतर हे कामावर गेले. रात्रपाळी होती. सकाळी आले न पडले खाटेवर, तोंडावर दुपट्टा घेऊन. मी बाहेरून आली, उंबऱ्यात चपला काढल्या, आवाज नाई व्हावा म्हून. पंचीबी तशीच करे. न तवा, थ्या उंबऱ्यात, मले समजलं का पोरीनं काय काढलं होतं. तवर थे कापड वाळून कोरं झालं होतं. पुढच्या साली हे म्हणाले, कॉलेजात जाऊन पोरीचं चित्र पाह्यतो. काय सांगू? का मीच पुसलं? तुमाले मेलेलं समजून पुसलं?"

"ते कापड कुठे आहे, आजी?"

त्यांनी दारामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "फेकवलं नाई. त्यानं पोछाबी मारवला नाई. पिशवी शिवली. दर साली हे निघाले का त्यातच शेंगा भरून देतो. तिचं तिथं भिंतीवर लागलं होतं ना. म्हटलं वर्सातून एकदा जाऊन येवो."

मला ती पिशवी आमच्या कलादालनाच्या भिंतीवर, चित्राच्या खिळ्याला टांगलेली दिसली. गेल्या वर्षी मी स्वतः तिच्यातल्या शेंगा ओंजळीनं काढल्या होत्या.

"तुमच्यावरच ढकलून दे, माय," आजी म्हणाल्या. "तुमी लोक नदीत धुतच होते. नदीत गेलं म्हणजो."

बाहेर काठी वाजली. बाबा आले होते. "कोण आलं वं?" त्यांनी दारातून विचारलं, आणि माझा आवाज ऐकताच तसेच चपलांसकट आत आले. "मॅडम? सापडलं?"

मी त्यांना खाटेवर बसवलं आणि खोटं बोलले. गुरुजींचा नियम सांगितला, नदी सांगितली, धुळवड सांगितली. सगळं खरं होतं, फक्त शेवट खोटा होता. "सगळ्यांची धुतली, बाबाजी. तिचंही गेलं त्यात. माफ करा आम्हाला."

"मंग स्टोअरात हाय काऊन म्हणत होते?"

"ज्यांना माहीत नव्हतं ते म्हणत होते."

बाबा शांतपणे मान हलवत राहिले. ओरडले असते, शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, "काय होतं त्यात? कोणाले तरी याद असन."

ते तरी मी देऊ शकत होते. चित्र नाही तर निदान शब्द. "तिची मैत्रीण भेटली मला. तुम्ही होतात चित्रात, बाबाजी. दुपारी खाटेवर झोपलेले."

"झोपलेला?"

"हो."

"बराबर हाय," ते म्हणाले. "बराबर काढलं. तिले आधीच ठावं होतं का तिचा बाप येत नाई. पोरगी तिथं दाराकडे पाहून राह्यली, न बाप इथं झोपून राह्यला."

"बाबाजी, तसं नाही. चित्र त्याच्या कितीतरी आधी काढलेलं..." पण त्यांना ऐकूच येत नव्हतं. तीस वर्षं ज्या चित्राची वाट पाहिली ते चित्र मी त्यांच्या हातात दिलं, आणि ते एखाद्या शिक्षेसारखं त्यांच्यावर पडलं. मी भलतंच करून बसले होते, आणि ते परत घेता येत नव्हतं.

"झोपून राह्यला," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, सारखंच पाणी वाहत होतं.

"तसं नोतं काढलं तिनं." रुख्माबाई आतल्या दारात उभ्या होत्या. "तुमी झोपले हे नोतं त्यात. तुमाले झोपू देल्लं, हे होतं."

बाबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "तुले काय माहीत वं? तू कवा पाह्यलं?"

मी आजींकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. त्यांनी पाहिलंही नाही. दारामागची पिशवी काढली, तळाशी राहिलेली टरफलं जमिनीवर झटकली, आणि बाबांच्या पायाशी बसून शिवणीचा टाका दातानं तोडला. दोरा ओढत गेल्या. एक बाजू उसवली, मग दुसरी. पिशवीचं जाड, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड उलगडलं. आतल्या कोपऱ्यात गुलाबी पडलेली पाच फुलं होती. मी ती ओळखली. आजींनी ते कापड बाबांच्या मांडीवर पसरलं.

"म्या धुतलं," त्या म्हणाल्या. "नदीत नाई गेलं. गाठोड्याले होतं. तोंडावर पांढरं पाह्यलं न मले वाटलं, तुमीबी जाता. म्हून म्या धुतलं."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि दूर गेली. बाबांनी कापडावर तळहात ठेवला. मग ते दोन्ही हातांनी उचललं आणि डाव्या डोळ्याला लागेल इतकं जवळ नेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, जसं या वर्षी त्यांनी आमच्या भिंतीवरचं प्रत्येक चित्र पाहिलं होतं. कापडावर शेंगांची माती होती. बाकी काही नव्हतं.

त्यांनी ते परत मांडीवर ठेवलं.

"कुठं होतो मी?" त्यांनी विचारलं.

रुख्माबाईंनी त्यांचं बोट धरलं आणि कापडावर टेकवलं. "इथं तोंड. दुपट्टा होता. हा हात, खाटेखाली लोंबून राह्यला होता." बोट खाली सरकलं. "हे पाय. खाट इथवर. हा उंबरा."

"उंबऱ्यावर काय होतं?"

"चपला."

"कोणाच्या?"

"ह्या माह्या." आजींनी त्यांचं बोट थोडं बाजूला नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. "न ह्या तिच्या. बाहेरच काढल्या होत्या तिनं. तुमी उठू नये म्हून."